उमापूरच्या चोपणातली काठी

"चोपण बघायला?" गेवराईहून उमापूरला नेणारे रिक्षावाले सलीमभाई मागे वळूनच बघू लागले. "तिथं कुसळ बी उगवत न्हाई. कावून जाता?" पाखरं बघायला, म्हणालो. त्यांना माझी दयाच आली असावी. उतरताना त्यांनी आपली गार पाण्याची बाटली मला देऊन टाकली.

चोपण (खारवट, पीक न येणारी जमीन) गावापासून जवळच आहे. मधे गुडघाभर पाणी, भोवती मिठाची पांढरी खपली. लांब लाल पायांचे शेकाटे पाण्यातून ऐटीत चालत होते. काठावर गयाबाईंची मेंढरं माती चाटत होती. गयाबाई साठीच्या, पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखणाऱ्या घरातल्या. "लई गोडीनं चाटत्यात," त्या म्हणाल्या.

पुढे एक काठी रोवलेली दिसली, तिला लाल फडकं बांधलेलं. "तिथं शेकाट्याची अंडी हायेत, दादा. उघड्यावरच घालतंय येडं. काठी दिसली की आमच्यातलं कुनीच मेंढरं तिकडं घालत न्हाई." ना कुंपण, ना पाटी! मी भारावून गेलो. मग त्यांनी आग्रहाने ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाऊ घातली. इतकं चवदार जेवण मी फार दिवसांत जेवलो नव्हतो.

जेवणानंतर त्या लांब गेलेली मेंढरं वळवायला गेल्या आणि मी अंड्यांचा फोटो घ्यायला. चार अंडी, मातीच्याच रंगाची. पण प्रत्येक फोटोत ते लाल फडकं मधे येत होतं. दोन मिनिटांसाठी म्हणून मी काठी उपटून बाजूला ठेवली. तेवढ्यात मादी पोट भिजवून आली आणि तापलेल्या अंड्यांवर बसली. मग उठून पुन्हा पाण्याकडे निघाली. मी कॅमेरा घेऊन तिच्यामागे. काठी विसरलोच.

वळून पाहिलं तर तलवाड्याकडचा दुसरा कळप थेट अंड्यांकडे निघालेला. मी ओरडत धावलो आणि चिखलात गुडघ्यापर्यंत रुतलो. माझं कोण ऐकतंय! तेवढ्यात मागून गयाबाईंची लांबलचक हाळी आली आणि कळप वळला. तरी एक अंडं फुटलंच. तीन वाचली.

"मावशे, काठी कावून न्हाई रोवली?" त्या कळपाचा मेंढपाळ चिडून म्हणाला. "पाखराचा जीव जातो की!"

"वाऱ्यानं पडली आसंल, बाबा," गयाबाई म्हणाल्या. सकाळपासून बाभळीचं पान हललं नव्हतं.

मी तोंड उघडणार, तोच त्यांनी काठी माझ्या हातात दिली. "खोल रोवा, दादा."

परतीच्या एसटीत मला आतून लाज वाटत होती, आणि तेवढीच कृतज्ञताही. एका काठीचा शब्द पाळणारी माणसं आहेत म्हणून ती पाखरं टिकून आहेत. तो शब्द मोडणारा त्या दिवशी मी एकटाच होतो, आणि तरी त्या माउलीने मला पदराआड घेतलं.

घरी येऊन फोटो पाहिला. चार अंडी, मागे नुसती मिठाची पांढरी खपली, मधे काहीच नाही. फोटो सुरेख आला आहे. अजून कोणाला दाखवलेला नाही.