धुतलेला चेहरा

क्यूबातल्या आमच्या कोचिनोसच्या आखातावर आता पाटी आहे : इथे स्वारी फसली. पाहुणे येतात, फोटो काढतात, आणि मग कोणीतरी त्यांना निकासियाकडे नेतं. "तुम्ही तेव्हा काय केलंत?" असं विचारतात. ती म्हणते, "गोंधळ घातला." लोक हसतात. मी तिची शेजारीण. मला हसू येत नाही, कारण बाई खरं सांगते.

आम्ही दलदलीतली कोळसा पाडणारी माणसं. १९६१च्या त्या एप्रिलात तिची भट्टी पेटलेली होती आणि नवरा एवारिस्तो लाकडं आणायला खारफुटीत गेला होता. पहाटे झाडीतून काळ्या तोंडांची माणसं आली. तिला वाटलं, पलीकडच्या भट्टीवरची असणार. "भट्टी वाऱ्यावर सोडून कुठे उंडारताय रे?" असं खडसावून वर तिने त्यांना कॉफीही पाजली. ते गुपचूप प्यायले आणि निघून गेले. मग गोळ्या सुटल्या. देश सोडून गेलेले आमचेच लोक अमेरिकेने तोंडाला काळं फासून धाडले होते म्हणे. कोण कोणावर झाडतंय, काही कळेना. शिव्या तर दोन्हीकडून आमच्याच भाषेत!

लढाई थांबली तरी एवारिस्तो परतला नाही. काळं तोंड बघून आपल्याच शिपायांनी त्याला शत्रू म्हणून धरलं होतं. संध्याकाळी सगळे कैदी हवानाला नेणार, असं कळलं. निकासिया धावत सुटली, मी तिच्या मागे.

अधिकारी भला होता. त्याने कैद्यांची तोंडं धुवून घेतली, अंगावर एकसारखे शर्ट चढवले, रांग लावली. "बाई, नीट बघा. यातला तुमचा कोण?"

आता, एवारिस्तो आंघोळीच्या वाटेला कधी फारसा गेला नव्हता. ती रांगेच्या टोकापर्यंत गेली, परत आली. "यात नाही," ती म्हणाली.

"चला, चढवा गाडीत."

रांग हलली. तेवढ्यात मधूनच आवाज आला, "निकासिया, भट्टीपाशी कोणाला बसवून आलीस?"

"कोणालाच नाही," ती म्हणाली, आणि तिने तिथेच भोकाड पसरलं. अधिकारी पोट धरून हसला आणि त्याने एवारिस्तोला सोडून दिलं.

आम्ही घराच्या वाटेला लागलो. तो म्हणाला, "भट्टीची राख झाली असेल, होऊ दे. पण मी समोर उभा होतो गं. तू माझ्या डोळ्यांत बघून पुढे गेलीस."

निकासिया लाजेने अर्धमेली झाली. काय बोलावं ते तिला अजून सुचलेलं नाही, आणि एवारिस्तो जाऊनही आता कितीतरी वर्षं झाली.