मामांचं लोखंड

आमच्या धाकट्या मामांइतका हट्टी माणूस शिरूर कासारात तर नाहीच, पण सबंध बीड जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही. कॉलेजात चित्रकला शिकवणारा हा गृहस्थ लोखंड दिसलं की भान हरपायचा. लग्नाला आहेर घेऊन जायचा आणि येताना मोडका नांगर घेऊन यायचा. "तुमी लग्नाला गेलते का भंगाराला?" असं मामी विचारायची. "दोनीला," असं शांत उत्तर यायचं.

या भंगारातून त्यांनी कॉलेजच्या फाटकाशी दोन पुरुष उंचीचं आधुनिक शिल्प उभं केलं. ते कशाचं, हे कधीच सांगितलं नाही. येईल त्याला उलट विचारायचे, "तुमाला काय दिसतंय?" शेळ्या राखणाऱ्या एका म्हाताऱ्याला त्यात व्यायला आलेली म्हैस दिसली. प्राचार्यांना प्रगती दिसली. मामा म्हाताऱ्याला घरी चहाला घेऊन गेले आणि प्राचार्यांना नुसतं "बरं" म्हणाले. उन्हाळ्यात तर त्यांची माया उतूच जायची. टँकरच्या पाण्यावर दिवस काढणाऱ्या गावात हा माणूस आपल्या आंघोळीची अर्धी बादली त्या लोखंडावर ओतून यायचा. कारण काय, तर "तापलंय लई!" उरलेल्या अर्ध्या बादलीत उरकलेली आंघोळ मग वर्गातल्या पहिल्या बाकाला कळायची.

गेल्या वर्षी संस्थेच्या अध्यक्षांनी ठरवलं, हे भंगारात घालायचं आणि त्या जागी वडिलांच्या नावाची कमान बांधायची. मामा उपोषणाला बसतील अशी आम्हाला धास्ती होती. पण ते नुसतेच अर्ध्या जेवणावरून उठायला लागले. मला ते बघवेना.

शिल्प काढायला अध्यक्ष माणसं घेऊन आले, तेव्हा दसरा नुकताच झाला होता. ऊसतोडीला निघालेली आसपासच्या वस्त्यांवरची कुटुंबं गठुडी, भांडी, कोंबड्या घेऊन तिथेच ट्रकची वाट बघत बसली होती. वस्त्यांवर दरवर्षी निरोपच तसा जायचा, "लोखंडापाशी या." एका बाईनं थेट अध्यक्षांनाच विचारलं, "हे काढता कावून? आमी गोळा कुटं व्हायचं?"

"कमानीपाशी व्हा की."

"कमानी तर गावोगाव हायेत. माणसानं कोंच्या कमानीपाशी यावं? लोखंड एकच हाय."

टोळीचा मुकादम तिच्यामागे येऊन उभा राहिला, मग बाकीचे. निवडणूक तोंडावर आली होती. अध्यक्षांनी सगळ्यांकडे एकवार बघितलं आणि कमान पलीकडच्या कोपऱ्यात बांधायची ठरली.

मला वाटलं, मामा आता हरखून जातील. ट्रक आले तसे ते मात्र लोकांची गठुडी त्यांत चढवू लागले. त्या बाईची कोंबड्यांची पाटी त्यांनी स्वतः वर दिली. ट्रक गेले, धूळ खाली बसली.

"मामा, जिंकलात की!" मी म्हणालो.

मामा लोखंडाला टेकून खाली बसले आणि रिकाम्या रस्त्याकडे बघत म्हणाले, "जिंकलो रे. पण ज्यांचं हाय ते तर गेले. आता गुडीपाडव्यापातूर हे बघायला कोन येतंय?"

 मी त्यांच्याशेजारी जाऊन बसलो.