वन्संचा मासा आणि लाँड्रीवाल्या काकू

लाँड्रीवाल्या काकूंच्या नजरेतून डाग सुटत नसे. कपडा काउंटरवर पडायचा अवकाश, काकू सांगायच्या, हा चहाचा, हा गंजाचा, आणि हा कसला ते तुम्ही न सांगितलेलंच बरं. नवऱ्याच्या हातात इस्त्री आणि काकूंच्या हातात डाग, ही दुकानाची वाटणी लग्नापासूनची. देवाने दोन हात दिलेत ते घासायला, असं त्यांचं ठाम मत. घासून जात नाही असं जगात काही नसतं, आपल्याला कंटाळा येतो एवढंच.

अशा बाईच्या ताब्यात वन्संनी आपला मासा दिला. वन्सं म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. वरच्या खोलीत राहायच्या, आणि काकूंचं नि त्यांचं विळ्याभोपळ्याएवढं सख्य. खुब्याच्या ऑपरेशनला जाताना त्यांनी काचेची टाकी खाली काउंटरवर आणवली. आत एकच गोल्डफिश, पोट सुटलेला, चालीने संथ, नाव शेठ.

"दाणे चिमूटभरच घाल. आणि फिल्टरमधल्या स्पंजला हात लावू नकोस," वन्संनी बजावलं. वर हेही सांगून ठेवलं, की याला काही झालं तर मला तोंड दाखवू नकोस.

काकूंनी मान डोलावली. तो शेवाळलेला, बुळबुळीत स्पंज बघून मनात म्हणाल्या, आळशाला निमित्त पुरतं. टॅक्सी वळणाआड गेली आणि काकूंनी बाह्या सरसावल्या. पाणी सगळं ओतलं, खडे उकळले, स्पंज गरम पाण्यात साबण घालून असा पिळला की नव्यासारखा पांढरा निघाला. टाकी आरशासारखी चमकली. गिऱ्हाइकं थांबून बघायची आणि काकू उगाच घड्या नीट करायच्या.

पण आठवडा सरायच्या आत शेठ वर येऊन तोंड वासू लागला. मग तळाशीच बसून राहिला. पंख अंगाशी मिटलेले, त्यांच्यात लाल रेघा, दाण्याकडे ढुंकून बघेना. काकूंनी चष्मा लावून काचेला नाक टेकवलं, तर कल्ल्यांवर बारीक पांढरे ठिपके. झालं! ठिपके दिसल्यावर काकूंना दुसरं काही दिसेना. माशांच्या दुकानदाराला फोन केला. अंगावर पांढरे ठिपके म्हटल्यावर त्याने ठिपक्यांच्या रोगाचं निळं औषध सांगितलं. ते पाण्यात पडलं तसा नवरा म्हणाला, "नीळ दिलीस, आता स्टार्चही कर."

ठिपके होते तसेच राहिले आणि शेठ एका कुशीवर कलला.

मग नवऱ्याने आवाज खाली आणून सुचवलं, की तसाच दुसरा आणू, मासे काय, सगळे सारखेच दिसतात, ताईला कळायचं नाही.

"गिऱ्हाइकाचा शर्ट जळला तर दुसऱ्याचा घडी घालून देतो का आपण?" काकू म्हणाल्या. "वन्संना नाही कळणार. वरच्याला कळेल. हा जगेल, नाहीतर मी त्यांच्यासमोर उभी राहून सांगेन."

त्यांनी टाकीतलं पाणी बाटलीत भरलं, मोबाइलवर शेठचे फोटो काढले आणि थेट दुकान गाठलं. दुकानदाराने नळीत पाणी घेऊन थेंब टाकले. पाणी गडद हिरवं झालं. त्याने फोटो मोठा करून पाहिला आणि त्याला हसू आवरेना.

"काकू, रोगाचे ठिपके मीठ भुरभुरल्यासारखे पार शेपटीपर्यंत पसरतात. हे नुसते कल्ल्यांवर आणि पुढच्या पंखांच्या कडेला, तेही ओळीत. हा नर आहे, विणीच्या दिवसांत नरांना येतात असे. आजाराने नाही आले ते. लग्नाला आलाय."

"मग मरतोय कशाने?"

"पाण्याने. नळीतला हा हिरवा रंग म्हणजे घाण साचल्याची खूण. स्पंज कशात धुतलात?"

काकूंनी सांगितलं. तो हसायचा थांबला. माशाची घाण पचवणारे सूक्ष्म जीव त्या बुळबुळीतच राहतात, ते गेले की तीच घाण माशाचे कल्ले जाळते, असं त्याने समजावलं. फोनवर पाण्याचं विचारायला हवं होतं, हेही कबूल केलं. आरशासारखं दिसणारं ते पाणी विष होतं. डाग कसला ते कळल्याशिवाय हात लावू नये, हे काकू दुकानात सगळ्यांना शिकवायच्या. काचेपुढे तेवढंच विसरल्या होत्या.

"उपाय सांगा," त्या म्हणाल्या.

औषध बंद, दाणेही बंद. रोज सकाळी तिसरा हिस्सा पाणी काढायचं, आणि आदल्या दिवशी बादलीत भरून ठेवलेलं, क्लोरीन मारायचे थेंब घातलेलं पाणी हळूहळू ओतायचं. आणि दुकानदाराच्या टाकीतला जुना, तपकिरी स्पंज शेठच्या फिल्टरमध्ये बसवायचा.

बाकी सगळं जमलं. तो स्पंज मात्र काकूंची परीक्षा बघत होता. गिऱ्हाइकं आता वेगळ्या कारणाने थांबायची. लाँड्रीत घाण ठेवलीय, आमच्या कपड्यांचं काय होत असेल, म्हणायची. काकूंचे हात शिवशिवायचे. त्या देवाचं नाव घ्यायच्या, बादली उचलायच्या आणि उरलेला राग कॉलरींवर काढायच्या. हॉस्पिटलातून वन्सं फोनवर विचारायच्या, तेव्हा एवढंच सांगायच्या, की जिवंत आहे, बाकीचं आल्यावर.

एका सकाळी पाणी ओतताना शेठच्या पाठीवरचा पंख शिडासारखा उभा दिसला. काकूंनी एक दाणा टाकला. तो वर आला, दाणा गिळला आणि दुसऱ्यासाठी ताटकळला. काकूंनी मन घट्ट करून दुसरा दिला नाही.

वन्सं वॉकर टेकत आल्या. त्या खुर्चीत बसायच्या आत काकूंनी साबणापासून निळ्या औषधापर्यंत सगळं एका दमात सांगून टाकलं. वन्संनी ऐकून घेतलं. टाकीजवळ सरकून शेठला खालीवर न्याहाळलं, पाणी बघितलं, काकूंच्या बादली उचलून लाल झालेल्या तळव्यांकडे बघितलं.

"उद्यापासून पाणी तूच बदल," त्या म्हणाल्या. "मला काही आता वाकता यायचं नाही."

काकू उद्याची बादली भरायला गेल्या.