मागचे सर

लांबलचक पत्रांचा तुला कंटाळा, हे मला ठाऊक आहे. पण आता दुसरीच्या वह्यांचे गठ्ठे तपासतोस, तर आत्याचंही एक पान वाचून होईल. चुका मात्र काढू नकोस.

डोंगरात मुलांची शिबिरं घेणारा तुझ्यासारखा माणूस चाळिशीला टेकल्यावर शिक्षकाच्या कोर्सला बसतो म्हटल्यावर घरात केवढा गदारोळ झाला! दादा, म्हणजे तुझा बाप, ताटावरच कडाडला, "हातचं सोडून पळत्याच्या पाठी! दोर, तंबू, शिट्टी, सगळं झकास चाललेलं. आता म्हणे बाराखडी शिकवणार."

तू शांतपणे म्हणालास, "बाबा, चौथ्या दिवशी मूल मोकळं व्हायला लागतं आणि पाचव्या दिवशी त्याला न्यायला बस येते. पुढं त्याचं काय झालं, ते मला कधी कळतच नाही."

"मग पत्ता घेऊन ठेवत जा!"

मी न विचारता तुझ्या ताटात आणखी एक पोळी वाढली. मी अशी पोळी वाढली म्हणजे मला पटलंय, एवढं या घरात सगळ्यांना कळतं.

शाळा मिळाली, दुसरीचा वर्ग मिळाला, पण एका वर्षाच्या बोलीवर. मुख्याध्यापिकाबाईंना काम पसंत पडलं तर कायम, नाहीतर नारळ. सुरुवातीला तुझा आवाजच नडला. दरीपलीकडे पोचेल असा तू "शाब्बास!" म्हणायचास आणि शेजारच्या वर्गातली पोरं खूश व्हायची.

पण खरा घोळ पुढेच होता. डोंगरात तू कायम रांगेच्या शेवटी चालायचास, सगळ्यांत हळू चालणाऱ्या मुलाबरोबर. पुढच्यांना पायवाट दिसतेच, मागे मात्र कोणी सुटता कामा नये. वर्गातही तू तेच सुरू केलंस. फळ्यावर काम लिहायचं आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसायचं, त्या घुम्या मुलीशेजारी. दुसरीत आली तरी तिला वाचता येत नव्हतं.

एक दिवस बाई वर्गात डोकावल्या. फळ्यापाशी कोणी नाही.

"तुमचे सर कुठे आहेत?"

"मागे!" सगळा वर्ग ओरडला.

इवल्याशा बाकावर गुडघे पोटाशी घेऊन तू बसलेला.

"सर, सुट्टीवर आहात का?"

"नाही मॅडम, शिकवतोय."

"कोणाला? मुलांच्या पाठींना? शिक्षकाची जागा फळ्यापाशी असते. महिनाअखेरीला मी तास बघायला येईन, तेव्हा तिथेच दिसा."

त्या संध्याकाळी तू माझ्या स्वयंपाकघरात कोणी न सांगता कांदे सोलत बसलास. मी म्हटलं, "अरे, आधी नोकरी टिकव. एक तास पुढे उभं राहिलास तर काय पाय मोडणार आहेत?"

"आत्या, ती आता कुठे अक्षरं जोडायला लागलीय. मी उठलो की पुस्तक मिटते."

"मिटू दे की एक दिवस."

"एक दिवस कसला? बाई खूश झाल्या तर मला कायमचंच पुढे उभं राहावं लागेल."

मी तुला ते कांदे चिरायला लावले.

तासाच्या दिवशी तू इस्त्रीचा शर्ट घालून फळ्यापाशी उभा. बाई मागे गेल्या. मोकळी जागा एकच होती, तुझी. त्या तिथे बसल्या. मुलीनं वर पाहिलंसुद्धा नाही. त्या जागेवर जे बसेल त्यानं आपल्याबरोबर वाचायचं, एवढंच तिला ठाऊक. तिनं पुस्तक बाईंपुढे सरकवलं आणि ओळीवर बोट ठेवलं. बाईंनी खुणेनं फळा दाखवला. बोट हललं नाही. शेवटी बाईंनी चष्मा लावला.

घंटा झाली तेव्हा दोघींची डोकी पुस्तकातच होती.

"हिनं 'कोंबडी' एकटीनं वाचलं," बाई म्हणाल्या.

"खरंच? काल 'कों'पाशीच अडली होती!" तुझा तो दरीपलीकडचा आवाज पुन्हा सुटला.

"फळ्यावर काय शिकवलंत?"

"बेरीज."

"चांगली शिकवली असणार, पोरं गुंग होती. उद्यापासून बसा तुमच्या जागेवर. पण ते बाक माणसाचं नाही हो, माझे गुडघे धरले. एखादी बुटकी खुर्ची आणा."

वर्ष संपलं आणि तू कायम झालास. पोरं तुला "मागचे सर" म्हणतात आणि दादाही आता गल्लीभर तेच सांगत फिरतो.

तू कायम झालास की ती बुटकी खुर्ची मी तुला घेऊन द्यायची, असं ठरलं होतं. दोघांनी सुताराकडे जायचं, तू बसून बघायचं, मी घासाघीस करायची. एका रविवारी माझी दाढ ठणकली, एका रविवारी तू पोरांना घेऊन ओढ्यावर गेलास. गेल्या रविवारी मी चपला घालून दारात उभी होते, तर तुझा फोन, "आत्या, पुढच्या आठवड्यात नक्की." सुतारानं बनवून ठेवलेली खुर्ची अजून त्याच्याकडेच आहे, तेव्हा या रविवारी ये.