कोड शब्दाचं मूळ

गिऱ्हाईक पुढ्यात थांबलं की ती आधी दोन्ही हात उलटसुलट करून दाखवायची. मनगटापर्यंत पांढरे डाग. “बघून घेवा हां! मागसून बोलूचा नाय.” मगच खाज्याचा पुडा बांधायची.

आमच्या मालवणकडची जत्रा तुम्ही पाहिली असेल तर खाजं काय ते सांगायला नको. बेसनाच्या तळलेल्या कांड्या, वर आलं घातलेला गूळ. तिचं खाजं तोंडात टाकलं की बोलणंच बंद! देवळाच्या दारातली जागा सासूपासूनची. नवरा गेल्यावर त्या जागेवरच तिचं घर चाललं.

एकदा म्हणाली, “मास्तरांनू, माझ्या दुखण्याक कोड म्हणतत. ह्यो शब्द इलो खंयसून?”

झालं! जन्मभर मराठी शिकवलेल्या माणसाला एवढं पुरे. देवळाच्या वर्धापनदिनाला मंडपात मी त्यावरच बोललो. संस्कृत ‘कुष्ठ’, त्याचं ‘कोढ’, त्याचं आपलं ‘कोड’. पूर्वी महारोगालाही हेच नाव होतं. लोक कान देऊन ऐकत होते. आता सांगणार होतो की जुन्यांनी दोन वेगळी दुखणी एका नावात कोंबली, आजचं कोड म्हणजे नुसते डाग, ते शिवल्यानं लागत नाहीत. तेवढ्यात चहा आणि बटाटेवडे आले. मंडप उठला. महत्त्वाचं शेवटी ठेवायची माझी मास्तरकीची खोड, दुसरं काय!

आठवड्यात गावभर झालं, “मास्तरांनीच सांगल्यानी, कोड म्हणजे महारोग!” जत्रेत तिला दारातून उठवून पार एसटी थांब्याकडे बसवलं. मी घरोघर फिरून उरलेलं भाषण सांगितलं. लोकांनी बसायला दिलं, ऐकूनही घेतलं. पुडा कोणी घेतला नाही.

जत्रा उलगली तसा माफी मागायला तिच्या घरी गेलो. चिडली असती तर बरं झालं असतं. “तुमी खोटा खंय सांगलात? नाव म्हायत होता, नावाचो बापूस तुमी दाखवलात,” म्हणून हसली आणि बशीत खाजं ठेवलं.

मला सगळं ठाऊक होतं हो. शब्द ठाऊक, दुखणं ठाऊक, तिच्या हातचं शंभरदा खाल्लेलं. तरी माझा हात बशीजवळ थांबला. क्षणभरच, पण थांबला. घाईघाईनं तुकडा उचलला, तोवर तिनं पाहिलं होतं.

“ऱ्हवांदे, मास्तरांनू,” ती हळूच म्हणाली.

पुढच्या महिन्यात ती रेडीला बहिणीकडे गेली. बहीण परवा बाजारात भेटली. सांगत होती, तिथे ती स्वतःची ताटवाटी वेगळी ठेवते, जेवायला पडवीत बसते. कोणी सांगितलेलं नाही. आपणहून.