लोहगडावर आठ दिवस

बाळांनो,

तुम्ही पाठवलेला फोटो मिळाला. मागे बर्फाचा डोंगर, पुढे तुम्ही दोघे आणि मधे तुमचा कुत्रा, पाठीवर त्याची स्वतःची पिशवी. पाच दिवस चढलात आणि तो एकदाही दमला नाही, असे तुमच्या आईने लिहिले आहे. मीही एकदा कुत्र्याला घेऊन डोंगरावर गेले होते. तुमच्या आईलाही हे मी कधी नीट सांगितलेले नाही, म्हणून क्रमाने लिहिते.

आम्ही गिरगावात, फणसवाडीतल्या एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहत असू. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र हवा म्हणून शहर पेटले होते ते दिवस. गोळीबार झाला, कर्फ्यू लागला आणि त्यातल्या एका दुपारी एक तांबडे पिल्लू धावत येऊन आमच्या जिन्याखाली शिरले. कर्फ्यू उठला तरी ते गेले नाही. नाव काय ठेवायचे यावर चाळीचे एकमत होईना, म्हणून ते बिननावाचेच राहिले. ते माझे आहे एवढे मात्र सर्वांना मान्य होते.

वडिलांना आम्ही नाना म्हणत असू. ते फोर्टात एका कचेरीत कारकून होते. सभेसाठी शिवाजी पार्कापर्यंत चालत जात, सत्याग्रह करून पंधरा दिवस तुरुंगातही राहून आले होते. पण कुत्र्याशी ते इंग्रजीत बोलत. ‘सिट’, ‘कम हियर’, ‘गुड बॉय’. वाडीत सगळेच तसे करत. कुत्र्याला इंग्रजीच कळते, अशी आमची पक्की समजूत होती. शेजारच्या काकू एकदा म्हणाल्या, “राज्य मराठीचं मागता, आणि घरात साहेब पाळलाय होय?”

“राज्य आलं की त्यालाही शिकवू,” नाना म्हणाले.

कुत्र्याला एकच खोड होती. कुठे काही धाडकन वाजले, मग तो पडलेला डबा का असेना, की तो जीव घेऊन पळे आणि खाटेखाली थरथरत बसे. एका उन्हाळ्यात गच्चीवर पापड वाळत होते. रस्त्यावर लग्नाचे फटाके वाजले आणि तो तीन बिऱ्हाडांच्या पापडांवरून धावत गेला. दुसऱ्या दिवशी चाळमालकाचा भाडे वसूल करणारा मेहता येऊन सांगून गेला, पावसाळ्याच्या आत कुत्रा जायला हवा.

मी दोन दिवस जेवले नाही. तिसऱ्या दिवशी नाना म्हणाले, “आमच्या कचेरीतले एक शिपाई लोहगडवाडीचे आहेत. त्यांची आई गावी एकटीच असते. आपण दोघं त्याला घेऊन आठ दिवस तिथे राहू. त्याला डोंगर मानवला तर तो राहील. नाही मानवला तर परत आणू, मग मेहत्याशी मी भांडेन. ठरवायचं मात्र तू.”

आता मला वाटते, एवढे मोठे ओझे त्यांनी माझ्यावर टाकायला नको होते. तेव्हा मात्र मला हायसे वाटले, कारण माझे उत्तर ठरलेलेच होते.

पुण्याच्या पॅसेंजरने निघालो. कुत्र्याला गार्डाच्या डब्यातल्या पेटीत ठेवावे लागले. प्रत्येक स्टेशनावर मी धावत जाऊन जाळीतून त्याला बोट लावून येत होते. मळवलीला उतरलो आणि भाजे गावावरून खिंडीत चढलो. अर्ध्या वाटेवर त्याच्या पायात काटा गेला आणि तो लंगडू लागला. मला आनंद झाला. हे लिहायला आजही जड जाते.

शिपायांची आई दारातच उभी होती. मी कुत्र्याला म्हटले, “सिट.” तो बसला. म्हातारी पदर तोंडाला लावून हसायला लागली. “आगं बया, ह्ये तर बालिस्टर हाय. भाकरी खातं का ह्ये, का काट्या-चमच्यानं?”

खाली डोंगरात दगडाची खाण होती. तिथे रोज दुपारी सुरुंग लावत. पहिल्या दिवशी तो आवाज झाला तेव्हा कुत्रा कणगीमागे जाऊन बसला तो संध्याकाळपर्यंत बाहेर आला नाही. मी नानांना म्हटले, “बघा, मानवत नाही त्याला.” नाना म्हणाले, “अजून सात दिवस आहेत.”

रोज सकाळी आम्ही तिघे गडावर जायचो. पायऱ्या, एकामागून एक दरवाजे, वर टाक्यातले गार पाणी. विंचूकाटा म्हणतात त्या गडाच्या निमुळत्या सोंडेच्या टोकावर एवढा वारा असायचा की बोलणे ऐकू येत नसे. करवंदांच्या जाळीत शिरून कुत्रा तोंड ओरबाडून घ्यायचा आणि पुन्हा तिथेच शिरायचा. तो पुढे जाऊन वळणावर थांबायचा, आम्ही दिसलो की पुन्हा पुढे. चाळीच्या जिन्यावर तो असा कधीच थांबला नव्हता. तिथे तो नेहमी माझ्या पायांत असे.

सहाव्या दुपारी मी ओसरीवर बसले होते. म्हातारी तांदूळ निवडत होती, कुत्रा तिच्या पायाशी पसरलेला. सुरुंग झाला. त्याने एक कान उचलला, खाली टाकला आणि झोपला. नानांनी ते पाहिले नव्हते. ते आत वाचत होते. मी गप्प राहिले असते तरी चालले असते.

रात्रीपर्यंत मी गप्पच होते. जेवताना सांगितले, “राहू दे त्याला.”

म्हातारीने माझ्या पानात आणखी एक भाकरी टाकली.

निघताना ती त्याला घेऊन खिंडीपर्यंत आली. मी मागे वळून ‘कम’ म्हणणार नाही, असे नानांना वचन दिले होते. ते मी पाळले. तो हाकेशिवायच येईल, असे मला स्टेशन दिसेपर्यंत वाटत राहिले.

पुढे शिपाई गावाहून आले की नाना घरी येऊन बातमी सांगत, “मजेत आहे म्हणे. अंगाने भरलाय.” मुंबई महाराष्ट्राची झाली, मी कॉलेजात गेले, लग्न होऊन दादरला आले. माहेरी गेले की जिन्यात चप्पल काढतानाच विचारत असे, “काय म्हणतो?” आणि नाना सांगत. शिपाई निवृत्त होऊन गावी गेले, नानांचीही कचेरी सुटली, तरी आमचे हे विचारणे-सांगणे चालू राहिले. कुत्री किती वर्षे जगतात, हे मला माहीत होते. नानांना माहीत नसेल, असे नाही. पण मी कधी थांबले नाही आणि तेही थांबले नाहीत.

शेवटच्या आजारात ते आमच्याकडे दादरला होते. तुमची आई तेव्हा शाळेत जात असे. एका संध्याकाळी त्यांना पेज भरवताना मी विचारले, “काय म्हणतो?”

“मजेत आहे,” ते म्हणाले. “काल विंचूकाट्यावर गेला होता.”

“एकटाच?”

त्यांनी थोडा विचार केला. “नाही. म्हातारी होती ना बरोबर.”