आरोपीशी नातं

"मॅडम, तुम्हाला हप्त्यावर साधा चार्जरसुद्धा मिळणार नाही."

बुधवार पेठेतल्या दुकानात हप्त्यांचं काम बघणारा माणूस असं म्हणाला, तेही सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात. माझ्यामागे चारपाच जण उभे होते. त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली. "तीन लोन चालू आहेत तुमच्या नावावर. तिन्ही थकलेली. आणि आता चौथं मागायला आलात. डेअरिंग आहे हं तुमचं."

मागे कुणीतरी हसलं. एका बाईने पर्स या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. माझ्यापासून लांबच्या खांद्यावर. ते मी बघितलं, आणि मी बघितलेलं तिनेही बघितलं.

मी म्हटलं, "काहीतरी चूक झालीय. मी आयुष्यात कर्ज घेतलेलं नाही."

"सगळे हेच म्हणतात," तो म्हणाला. "पुढचे कोण आहेत, या."

मी कसबा पेठेत एका झेरॉक्सच्या दुकानात नऊ वर्षं काम करत होते. दुकानाचे मालक काका, वय झालेलं. ते मुलाकडे बंगळुरूला कायमचे जाणार होते. मला म्हणाले होते, "मशीन तू स्वतःचं आण, गाळा तुला चालवायला देतो. दिवाळीपर्यंत थांबतो. त्यापुढे थांबायला मी काही अमर नाही." पुण्यात एवढं प्रेमाने कुणी बोलत नाही. ते मशीन हप्त्यावर घ्यायला मी गेले होते, इस्त्रीची साडी नेसून.

पहिला संशय आला तो नवऱ्यावर. हे लिहायची आजही लाज वाटते. नवरा शाळेची व्हॅन चालवतो. सरळ माणूस. महिन्याचे पैसे आणून हातात देतो, काय केलेस म्हणून विचारत नाही. तरी मी त्याच्या शर्टांचे खिसे उलटे केले. व्हॅनचा कप्पा उचकला. तो आंघोळीला गेला तेव्हा त्याचा फोन उघडून बसले. तो बाहेर आला. हातात फोन बघितला.

"काय शोधतेस?"

"काही नाही."

"मला विचारायचं होतंस," एवढंच म्हणाला आणि चहा न घेता निघून गेला.

मग मी सगळ्यांवर संशय घेतला. सिमकार्ड विकणाऱ्यावर. गॅसचा फॉर्म भरून देणाऱ्या शेजाऱ्यावर. दुकानात माझ्या बरोबर काम करणाऱ्या मुलीवर. एक दिवस काकांवरसुद्धा. ज्याने केलं होतं, त्याचं नाव तेवढं मनाला शिवलं नाही. कसं शिवणार? तो माझा सख्खा मोठा भाऊ होता.

वसुलीवाल्यांचे फोन दुकानात यायला लागले. मला शिव्या देऊन झाल्या की ते काकांना मागायचे. "तुमच्याकडे कामाला आहे ती बाई फ्रॉड आहे." काकांनी एकदा ऐकून घेतलं. "आमच्याकडे फक्त कागदांच्या प्रती निघतात, माणसांची माहिती मिळत नाही," म्हणाले आणि फोन ठेवला. मला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर गल्ल्याची किल्ली खिळ्यावर नव्हती. नऊ वर्षं ती तिथेच असायची.

"काका, किल्ली?"

"राहू दे माझ्याकडे. हल्ली विसरायला होतं मला."

विसरायला काही होत नव्हतं. एकेका गिऱ्हाइकाची दोन दोन रुपयांची उधारी पाठ होती त्यांना. त्या दिवसापासून सुट्टे पैसे द्यायचे झाले तरी मी त्यांना हाक मारायची आणि ते उठून यायचे. गिऱ्हाईक आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघायचं. मला तिथल्या तिथे मरून जावंसं वाटायचं.

शेवटी नवराच म्हणाला, "कागद बघू. कागदावर कळेल." अर्धा दिवस रजा टाकून तो माझ्याबरोबर कर्ज देणाऱ्या कंपनीच्या ऑफिसात आला. दोन तास बसवून ठेवलं आणि मग फाइल दाखवली. आत माझं आधार, माझं पॅन, पत्ता धायरीचा, माझ्या माहेरचा. सही माझ्यासारखी, पण माझी नाही. आणि वर चिकटवलेला फोटो. आंबा रंगाची साडी, नाकात नथ. तो फोटो मी एकदाच काढला होता. हक्कसोडपत्राच्या वेळी.

आमच्याकडे वडील गेले की बहिणींना रजिस्ट्रार ऑफिसात नेतात. वडिलांच्या जमिनीवरचा आपला हक्क आपण राजीखुशीने भावाला सोडला, असं लिहून घेतात. साडीचोळी करतात, जेवायला घालतात. सही केली की भाऊ भाऊबीजेला दारात येतो. नाही केली की येत नाही. हे तोंडाने कुणी बोलत नाही, पण प्रत्येक बहिणीला ते माहीत असतं. धायरीत जमिनीला सोन्याचा भाव आलेला. दादा तीच जमीन गुंठ्यागुंठ्याने विकून गुंठामंत्री झाला. त्याच्या वाढदिवसाला चौकात फ्लेक्स लागायचे. मी काही न वाचता सही केली होती. माहेर राहावं म्हणून.

त्यासाठी त्याने आधार, पॅनच्या प्रती आणि चार फोटो मागितले होते. मी दुकानातल्याच मशीनवर प्रती काढल्या. रोज गिऱ्हाइकांना मी बजावते, कागद कशासाठी दिला ते त्यावर आडवं लिहा, तारीख टाका. दादाच्या प्रतींवर मी काही लिहिलं नाही. भावाला दिलेल्या कागदावर असं लिहायचं म्हणजे तू चोर आहेस असं त्याच्या तोंडावर सांगायचं. हात धजला नाही माझा.

आणि आधारला नंबर त्याचा होता. माझं आधार निघालं ते लग्नाआधी. घरात मोबाईल एकच, दादाचा. तोच नंबर दिला. पुढे लग्न झालं, माझा फोन आला, पण तो नंबर बदलायचं राहून गेलं. सगळे ओटीपी त्याच्याकडे गेले. चोरी करायला त्याला घरातून उठावंसुद्धा लागलं नाही.

पुढच्या रविवारी मी एकटी धायरीला गेले. दारात मोठी पांढरी गाडी उभी होती. तिन्हीतलं मोठं कर्ज गाडीचं होतं. नंबर फाइलमध्ये बघितला होता. गाडी माझ्या नावावर होती आणि मी बस बदलून आले होते.

दादाने नाही म्हटलं नाही. ते मला जास्त लागलं. खोटं बोलायची तरी तसदी घ्यायची.

"आगं, माझं रेकॉर्ड खराब हाय, कुणी दारात उभं करत न्हाय," तो म्हणाला. "तुझं नाव नुसतं पडून हुतं. वापरलं. तू काय त्याचं लोणचं घालणार हुतीस?"

मी मशीनचं सांगितलं. गाळ्याचं सांगितलं. तो हसला. "झेराक्सचं दुकान? म्हैन्याला काय सुटतं त्यात? मी देतो की तेवढं."

आई कोपऱ्यात लसूण सोलत होती. तिने मान वर केली नाही. वहिनीने चहा आणला, पाठोपाठ एका ताटात साडी आणि खण, आणि मग दादाने टीपॉयवर स्टॅम्पपेपर ठेवला. टाइप करून तयार. माझी वाटच बघत होता म्हणायचा.

"फकस्त सही कर. हप्ते मी भरतो. वसुलीवाले परत फोन करणार न्हाईत."

या खेपेला मी वाचलं. एकेक ओळ. दोनदा. सदर कर्जे मी माझ्या वापरासाठी, माझ्या संमतीने घेतली असून माझ्या भावाचा त्याच्याशी काहीही संबंध नाही. ज्या घरात जन्मले त्या घरात बसून मी हे वाचत होते.

"हप्ते तू भरणार, असं यात कुठे लिहिलंय?"

"भावावर इश्वास न्हाय व्हय तुझा?"

"नाही," मी म्हटलं.

आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं. वहिनी ताट उचलून आत गेली. आईचे हात थांबले. "सख्ख्या भावाला जेलात घालतीस?" ती म्हणाली. वसुलीवाले मला आईबहिणीवरून बोलतात हे तिला माहीत होतं. मी फोनवर रडत सांगितलं होतं. तेव्हा ती म्हणाली होती, चिडू नको, होईल काहीतरी. हे दादाने केलंय, हे तिला तेव्हाही ठाऊक होतं. ते आता कळलं तेव्हा मी आईकडे नीट बघितलं आणि उठले.

दादा म्हणाला, "मग परत हितं पाय ठेवायचा न्हाय."

बस येईपर्यंत मी स्टॉपवर रडले. राग नव्हता. स्वतःची कीव आली होती. जे राखायला म्हणून जमीन सोडली, ते राखण्यासारखं कधी नव्हतंच.

पोलीस चौकीत पहिल्यांदा गेले तर साहेब म्हणाले, "घरगुती मॅटर आहे ताई. राखी बांधता ना त्याला? बसून मिटवा." परत पाठवलं. दुसऱ्या खेपेला लेखी अर्ज घेऊन गेले, पोच घेतल्याशिवाय हलले नाही. तिसऱ्या खेपेला बसायला खुर्ची मिळाली. दरम्यान दिवाळी झाली. काकांनी गाळा दुसऱ्याला दिला. जाताना म्हणाले, "तुझ्यावर माझा अविश्वास नाही, पण मला वेळ नाही." यातलं पहिलं खोटं होतं. मी आता दुसरीकडे काम करते, पगार कमी आहे.

चौथ्या खेपेला तक्रार टाइप झाली. टाइप करणारा हवालदार भला होता. त्याने विचारलं, "आरोपीशी नातं?"

"सख्खा भाऊ."

त्याचे हात थांबले. "विचार करा. अज्ञात इसमाने कागदपत्रांचा गैरवापर केला, असं लिहू का? तुमचंही काम होईल, माहेरही राहील."

तो चांगल्या मनाने सांगत होता. सगळेच चांगल्या मनाने सांगतात. पण अज्ञात लिहिलं की दादा सुटणार आणि तीन कर्जं माझ्या गळ्यात राहणार, एवढं आता मला समजत होतं.

"अज्ञात नाही," मी म्हटलं. "लहानपणापासून ओळखते त्याला."

त्याने लिहिलं. मी वाचलं. मध्ये एका ओळीत 'घरगुती वादातून' असं घातलं होतं, ते काढायला लावलं. मग सही केली.

आता धायरीहून माणसं येतात. मामा येऊन गेला, चुलते येऊन गेले. मिटव म्हणतात. आई अंथरुणाला खिळलीय म्हणतात. खरं असेल, खोटं असेल. मी पाणी देते आणि एकच सांगते. एकही हप्ता भरणार नाही. एकाही कागदावर सही करणार नाही. तारीख पडेल त्या तारखेला जाणार. लोक म्हणतात वर्षं जातील. जाऊ देत.

आमच्यात मोठ्या भावाला नावाने हाक मारत नाहीत. मीही कधी मारली नाही, त्याच्या पाठीमागेसुद्धा नाही. कोर्टात विचारतील, हे कुणी केलं. तेव्हा मी त्याच्याकडे बघून त्याचं नाव घेणार आहे. आडनावासकट.